चारला दहा कमी

१

डिशवाल्याच्या धंद्यात दहातल्या सात तक्रारी तक्रारीच नसतात. कुठं प्लग अर्धवट निघालेला असतो, कुठं रिमोटची भलतीच कळ दाबलेली असते, तर कुठं घरातल्याच कुणीतरी डिशवर ओली चादर वाळत घातलेली असते आणि मंडळी खाली बसून कंपनीच्या नावानं बोटं मोडत असतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपला हा डिशवाला अशा घरी गेला की आधी काहीच बोलायचा नाही. बूट काढायचा, टीव्हीसमोर मांडी घालून बसायचा आणि पडद्यावर त्या दोन पट्ट्या आणायचा. एक सिग्नलच्या जोराची आणि दुसरी क्वालिटीची. माणसं खोटं बोलतात, पट्ट्या बोलत नाहीत, असं तो नव्या कारागिरांना ऐकवायचा. सोळा वर्षांत त्याचं हे म्हणणं कुणी खोडून दाखवलं नव्हतं.

त्या सोमवारी सुपरवायझरनं त्याच्यासमोर एक कागद सरकवला. "ही तू घे. दोघं जण जाऊन आले. बॉक्स बदलून झाला. तरी रोज दुपारी चारला दहा कमी असताना चित्र तुटतं. अकरा मिनिटं. मग आपोआप येतं."

"सूर्य मागे येत असेल उपग्रहाच्या," डिशवाला म्हणाला. वर्षातून दोनदा तसं होतं हे त्याला पाठ होतं.

"ते चार-सहा दिवसांचं दुखणं. हे दीड महिना चाललंय. म्हातारीनं फोन करकरून ऑफिसचं डोकं उठवलंय."

डिशवाल्यानं पत्ता वाचला आणि कागद पुन्हा वाचला. ज्या गल्लीतली कामं गेली सात वर्षं तो काही ना काही कारण काढून दुसऱ्यांच्या गळ्यात घालत आला होता, तीच गल्ली. ज्या घरात त्याच्या ताईला दिली होती, तेच घर. त्या घराच्या गच्चीवरून ताई पडली, तेव्हा दुपारचे चार वाजायला दहा मिनिटं होती. कपडे वाळत घालताना तोल गेला, असं घरच्यांनी सांगितलं आणि कागदोपत्रीही तेच लागलं. त्याचा त्यावर एक दिवसही विश्वास बसला नाही. सासूनं आणि नवऱ्यानं मिळून तिचा जीव घेतला, हे तो भेटेल त्याला सांगायचा, आणि सांगून झालं की रात्रीचं जेवण त्याच्या घशाखाली उतरायचं नाही.

"जमेल ना?" सुपरवायझरनं विचारलं.

"जातो," तो म्हणाला. सूड घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं हे त्याला कधीच उमगलं नव्हतं. पण त्या घरात काहीतरी बिघडलंय आणि कुणाला ते दुरुस्त करता येत नाही, एवढ्या बातमीनंच त्याला बरं वाटलं.

२

दार उघडलं ते नव्या सुनेनं. पंचविशीची असेल. हात ओले, नजर खाली. दाजींनी दुसरं लग्न केलंय हे त्याला उडत उडत कळलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि ताईच्या स्वयंपाकघरातून दुसरीच बाई हात पुसत येताना बघणं वेगळं.

"आला का तो?" आतून आवाज आला. "पायपुसण्यावर पाय पुसायला सांग. मागच्या वेळी सगळी फरशी घाण केलीन."

म्हातारी टीव्हीसमोरच्या लाकडी खुर्चीत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे त्याच्या दिशेनं पाहिलं. त्यानं टोपी कपाळावर ओढून घेतली होती, पण गरज नव्हती. डोळे धड होते तेव्हाही सुनेच्या भावाच्या तोंडाकडे नीट बघायची त्या घरात रीत नव्हती. शिवाय सात वर्षांत त्यानं दाढी वाढवली होती आणि पोटही सुटलं होतं.

"माझा पोरगा म्हणतो, आई, तुझे डोळे गेलेत," म्हातारी म्हणाली. "डोळे गेले असते तर रोज त्याच वेळी जातील का? तूच सांग."

"नाही जाणार, आजी."

"ऐकलंस?" हे सुनेला. "हिला काही विचारायची सोय नाही. हात आहेत की लाकडं देव जाणे. सकाळपासून दोन बश्या फोडल्यात."

सून आत गेली. डिशवाल्यानं पट्ट्या लावल्या. जोर नव्वद, क्वालिटी अठ्ठ्याऐंशी. दृष्ट लागावी असा सिग्नल. तो तसाच बसून राहिला. भिंतीवरचं घड्याळ टकटकत होतं. कुठल्याशा मालिकेत दोन बायका एकमेकींवर ओरडत होत्या.

चारला दहा कमी झाले आणि बाईच्या गालाचे चौकोन झाले. आवाज तुटला. क्वालिटीची पट्टी एका झटक्यात शून्यावर आली. जोराची मात्र नव्वदलाच ठाम उभी. हे असं होत नाही. जोर आहे म्हणजे काहीतरी येतंय. क्वालिटी नाही म्हणजे जे येतंय ते आपल्या उपग्रहाचं नाही.

चित्र तुटलं की चौकोनांत त्याच चित्राचे तुकडे अडकतात, गाल, दागिना, पडद्याची झालर. इथं मात्र त्या तुकड्यांच्या मध्ये दुसरेच करडे तुकडे येत होते. सिमेंट. सिमेंटच्या सांध्यात शेवाळाची हिरवी रेघ. एक गोल लोखंडी झाकण, गटारावर असतं तसं. सगळं वरून, उंचावरून पाहिलेलं.

टीव्हीवर हजार अंगणं दाखवतात, त्यानं स्वतःला समजावलं. दुसऱ्या कुठल्या चॅनलचे तुकडे घुसले असतील. पण त्या झाकणाचा एक कान तुटलेला होता, आणि आत्ता आत येताना, फाटक आणि पायरी यांच्या मधोमध, त्याचा पाय त्याच तुटक्या कानाला अडखळला होता.

"दिसलं?" म्हातारीनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "तुकडे आहेत नुसते."

३

तो सिग्नल मोजायचा मीटर घेऊन गच्चीवर धावला. अकरा मिनिटांतली आठ उरली होती.

डिश जशीच्या तशी होती. त्याला ती ओळखायला वेळ लागला नाही. केबलला चिकटपट्टी उलट्या बाजूनं गुंडाळायची सवय साऱ्या शहरात एकट्या त्याचीच. होय, ही डिश त्यानंच बसवली होती. ताईला परत आणून सोडलं त्याच दुपारी. घर सोडून ती त्याच्याकडे आली होती आणि त्यानं तिची समजूत घालून तिला मोटारसायकलवर बसवून इथं आणलं होतं. सासरच्यांचा राग निवळावा म्हणून सोबत नवी डिश आणली होती. त्यांनी डिश ठेवून घेतली. ताईलाही ठेवून घेतलं. अकरा दिवस.

डिशच्या समोर काही नव्हतं. झाड नाही, भिंत नाही, पक्षी नाही. स्वच्छ आकाश. बाजूला कपड्यांची दोरी, तिच्यावर एकही कपडा नाही. गच्चीचा कठडा दोन विटांनी वाढवला होता, आणि नव्या विटांना रंगही दिलेला नव्हता. ताईच्या वेळी तो जेमतेम गुडघ्याएवढा होता. बैल गेल्यावर झोपा करायला ही मंडळी तत्पर.

मीटर क्वालिटी शून्य दाखवत होता. त्यानं पडताळा घेण्यासाठी डिशच्या तोंडापुढे हात धरला. हात आडवा आला की सिग्नल जातो, हे साधं गणित. इथं तर आधीच गेलेला होता, म्हणजे हातानं काहीच फरक पडायला नको होता. आणि फरक पडला तो आकड्यात नाही. त्याच्या मनगटाला काहीतरी गार आणि ओलं लागलं, वाऱ्यानं हलणाऱ्या कपड्याचं टोक लागावं तसं. पिळून ठेवलेल्या धुण्याचा वास आला. त्यानं हात मागे घेतला. मनगट कोरडं होतं.

दोरी रिकामीच होती. तो दोन मिनिटं तिच्याकडे बघत उभा राहिला. मग मीटरवर आकडा आपोआप अठ्ठ्याऐंशीवर गेला आणि खालून मालिकेतल्या बायकांचं भांडण पुन्हा सुरू झालं.

त्यानं आपलं काम केलं. डिशच्या दांड्याच्या टोकाला असतं ते एलएनबी काढलं, नवं बसवलं, कनेक्टर घट्ट आवळला.

४

मंगळवारी म्हातारीचा फोन आलाच. बुधवारी तो साडेतीनलाच त्या दिवाणखान्यात हजर झाला.

चित्र तुटलं. या वेळी करड्या तुकड्यांत अंगण नव्हतं. जिन्याच्या पायऱ्या होत्या, आणि त्या वळणावरून खाली पाहिल्यासारख्या दिसत होत्या. नेमकं तिथंच, जिन्याच्या वळणावर, केबलला सात वर्षांचा जुना सांधा होता.

त्यानं तो सांधा उघडला. आतली तांब्याची तार काळी पडली होती. बिघाड तिथंच आहे असं कुणीही कारागीर छातीठोक सांगेल, आणि त्यानंही स्वतःला तेच सांगितलं. सांधा तोडला, नवी केबल ओढली. गुरुवारी गेला तर तुकड्यांत दिवाणखाना होता. दाराच्या चौकटीवरून पाहिलेला. खुर्ची, खुर्चीच्या पाठीवरून दिसणारा म्हातारीचा पांढरा भांग, तिच्या शेजारी स्टुलावर पाण्याचा पेला. डिशवाल्यानं मान वळवून चौकटीकडे पाहिलं. तिथं भिंतीत केबलची छोटी डबी होती. बाकी काही नाही.

शेजारच्या कुणाच्या कॅमेऱ्याचं चित्र घुसत असेल, त्याच्या डोक्यानं सुचवलं. घरात कॅमेरा आहे का, असं त्यानं सुनेला विचारलंदेखील. नव्हता. केबलमधून असं चित्र उलटं येतच नाही, हेही त्याला ठाऊक होतं. सोळा वर्षं विद्या घोटलेली, ती ऐनवेळी पालथ्या घड्यावरचं पाणी झाली.

आणि मग त्याला ते कळलं. भीती वाटायच्या आधी कळलं, हे विशेष. तो जिथवर केबल नवी करत होता तिथवर ताई आत येत होती. गच्चीतून जिन्यात, जिन्यातून दारात. सात वर्षं ती त्याच्या गंजक्या सांध्यांपाशी अडकली होती आणि तो आपल्या हातानं एकेक सांधा मोकळा करून तिला घरात घेत होता.

चौकटीवरची डबी बदलली की उरला एकच सांधा, टीव्हीच्या मागचा.

म्हातारी खुर्चीत बसून सुनेला हाका मारत होती. डिशवाल्यानं तिच्या पांढऱ्या भांगाकडे पाहिलं. त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली. पण ती फार वेळ टिकली नाही. त्यानं डबी बदलली आणि म्हातारीला हसून सांगितलं, "आजी, उद्या शेवटचं काम. उद्यापासून तुमची तक्रारच राहणार नाही."

"मुलाला सांगते घरी थांबायला," म्हातारी म्हणाली. "तुमच्यासारख्या लोकांवर नजर ठेवावी लागते."

"सांगाच," तो म्हणाला.

५

सून फाटकापर्यंत आली. हातात त्याची विसरलेली पक्कड होती.

"दादा, हे राहिलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हालाही दिसतं ना ते?"

"काय?"

"मला माहीत नाही. पण मी त्या वेळी त्या खोलीत जात नाही."

तिनं पक्कड पुढे केली तेव्हा तिच्या मनगटावर चार बोटांचे निळे वळ त्याला दिसले. तिनं बाही ओढली. त्यानं न पाहिल्यासारखं केलं, मग त्याला स्वतःचीच चीड आली आणि त्यानं पाहिलं.

"वहिनी, उद्या दुपारी या घरात थांबू नका. सकाळीच निघा."

"कुठं जाऊ?"

"माहेरी. भाऊ आहे ना?"

ती हसली, पण हसण्यात काही नव्हतं. "आहे. दीड महिन्यापूर्वी गेले होते. दोन दिवसांनी त्यानंच आणून सोडलं. चांगला आहे हो तो. रडत होता सोडताना."

डिशवाल्यानं पक्कड हत्यारांच्या पिशवीत टाकली. "तरी जा," तो म्हणाला. "एक दिवसासाठी जा. हवं तर आजारी आहे म्हणून सांगा."

तिनं का म्हणून विचारलं नाही. त्या घरात प्रश्न विचारायची सवय मोडलेली होती.

६

त्या रात्री तो जेवून लगेच आडवा झाला. पडून राहिला आणि ताईला आठवत राहिला.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ताई तेरा. तिनंच त्याला वाढवलं. शाळेत त्याला मारणाऱ्या पोराच्या घरी जाऊन त्या पोराच्या बापाशी भांडून आली होती ती. 'बारक्या' म्हणायची. त्याचं लग्न झालं, तो एवढा मोठा बाप्या झाला, तरी बारक्याच.

आणि तीच ताई एक पिशवी घेऊन त्याच्या दारात आली तेव्हा त्याच्या दोन खोल्यांच्या घरात बायकोला सातवा महिना होता. ताई म्हणाली होती, "बारक्या, मला मागच्या खोलीत नुसतं पडू दे. मी कुणाच्या मध्ये येणार नाही." तिच्या पाठीवर काय होतं ते तिनं त्याच्या बायकोला दाखवलं होतं आणि बायकोनं त्याला सांगितलं होतं. म्हणजे त्याला माहीत होतं. माहीत नव्हतं असं तो सात वर्षं म्हणत आला, पण त्याला सगळं माहीत होतं. तरी लोक काय म्हणतील या धाकानं त्यानं तिसऱ्या दिवशी मोटारसायकल बाहेर काढली. ताई मागे बसली आणि वाटभर एक शब्द बोलली नाही.

पहाटे त्याचं ठरलं. आज सगळं फिटेल. ताई त्या दोघांना बघून घेईल आणि तो शेजारी उभा राहून बघेल. मग आपल्याला झोप लागेल, असं त्याला खरंच वाटलं.

७

शुक्रवारी सून घरात नव्हती. तिनं ऐकलं होतं. दाजी सोफ्यावर पाय पसरून बसले होते, बनियनवर, पोट खाजवत.

"आज ती महाराणी सकाळीच माहेरी पळाली," म्हातारीनं डिशवाल्याला सांगितलं, जणू तो घरचाच. "भावाला फोन केलाय मी. चारच्या आत आणून घाल म्हटलं, नाहीतर कायमची ठेवून घे."

आज काम पुढे ढकलावं असं डिशवाल्याच्या मनात आलं. पण साडेतीन वाजून गेले होते, आणि सात वर्षं ज्यासाठी वाट पाहिली ते एका सांध्यावर आलं होतं. एवढ्या लवकर थोडीच येणार ती, त्यानं मनाशी म्हटलं, आणि टीव्ही पुढे ओढून मागे हात घातला.

"तुला कुठंतरी पाहिलंय मी," दाजी म्हणाले.

"कामानिमित्त सगळीकडे फिरतो, साहेब."

त्यानं जुना कनेक्टर कापला. तार सोलली, जाळी मागे वळवली, नवा कनेक्टर बसवला आणि बॉक्सला आवळला. पट्ट्या लावल्या. जोर नव्वद. क्वालिटी शंभर. शंभर त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती.

चारला दहा कमी झाले.

चित्र तुटलं नाही. एकही चौकोन नाही. मालिका गेली आणि तिच्या जागी हा दिवाणखाना आला, स्वच्छ, टीव्हीच्या जागेवरून पाहिलेला. खुर्चीत म्हातारी, सोफ्यावर दाजी, आणि अगदी पुढे गुडघ्यावर बसलेला तो स्वतः, टोपी घातलेला, तोंड उघडं. मग ते दृश्य वर उचललं गेलं, जमिनीवर बसलेलं कुणी उठून उभं राहावं तसं.

ते म्हातारीकडे गेलं. तिचा चेहरा पडद्यावर मोठा झाला, सुरकुत्यांसकट. "गार वारा कुठून येतोय?" म्हातारी म्हणाली आणि पदर ओढून बसली. डिशवाला बघत होता. आता, तो मनात म्हणत होता, आता.

दृश्य पुढे सरकलं. म्हातारीला तिथंच सोडून ते दाजींपाशी गेलं, क्षणभर थांबलं, आणि त्यांनाही ओलांडून निघालं. दाजींनी दंड चोळला, बस्स.

"ताई!" तो ओरडला. "अगं ही बघ ना, ही! आणि हा! कुठं निघालीस?"

दाजी उठून उभे राहिले. "ताई? म्हणजे तू..."

पडद्यावर आता त्याचाच चेहरा होता. इतका जवळ की दाढीतला पांढरा केस दिसावा. धुण्याचा वास नाकात भरला. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात बारक्या कुठंच नव्हता. त्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर दार होतं, मग पायरी, अंगण. दृश्य घाई करत नव्हतं. अंगण संपलं, फाटक आलं. फाटकात मोटारसायकल उभी होती. तिच्यावरून एक तरुण पिशवी खाली घेत होता, आणि त्याच्या शेजारी नवी सून मान खाली घालून उभी होती.

त्याच क्षणी बाहेरून खरोखरच्या मोटारसायकलचा स्टँड लावल्याचा आवाज आला. पडद्यावर त्या तरुणाची मान मोठी होत गेली. हेल्मेट आणि कॉलरच्या मधली उघडी मान.

तेव्हा त्याला समजलं की ताईला ज्यांनी मारलं त्यांना ती शोधतच नव्हती. त्यांच्याकडून तिची कधी अपेक्षाच नव्हती. आणून सोडणारा कोण, तेवढं ती बघत होती.

८

तो अनवाणीच धावला.

"समजावलंय मी हिला," तो तरुण त्याला घरातलाच कुणी समजून घाईघाईनं बोलू लागला. "भांड्याला भांडं लागायचंच. तुम्ही मोठे आहात, सांभाळून घ्या." सात वर्षांपूर्वी याच फाटकात उभं राहून हेच शब्द डिशवाला बोलला होता, अगदी याच गरीब आवाजात.

"पिशवी उचल," डिशवाला म्हणाला. "हिला घेऊन जा."

"तुम्ही कोण?"

"हिच्या आधीच्या सुनेचा भाऊ. मीही असंच आणून सोडलं होतं. अकरा दिवस टिकली. वरून पडली, तिथं पडली." त्यानं अंगणाकडे बोट केलं. "तिच्या पाठीवरचे वळ मला माहीत होते. तुलाही माहीत आहेत. बघ, खोटं बोलू नकोस माझ्याशी."

तरुणाचा हात मानेकडे गेला. त्यानं मान पुसली, तळवा बघितला. तळवा ओला होता. त्यानं वर पाहिलं; पावसाचं चिन्ह नव्हतं.

"दादा, चल," नवी सून भावाला म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज मोठा होता. "घरी चल."

पिशवी पुन्हा टाकीवर चढली. ती मागे बसली. मोटारसायकल दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा सुरू झाली आणि गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली. डिशवाला तोवर तिथंच बघत उभा होता. ती गेली याचं त्याला समाधान वाटलं, आणि आपण त्या दिवशी एवढंच करायला हवं होतं, मोटारसायकल वळवायची होती फक्त, या विचारानं त्याला रडू कोसळलं.

बूट आणि हत्यारं घ्यायला तो परत वळला. फाटक आणि पायरी यांच्या मधोमध आला तेव्हा अनवाणी पायाला लोखंड गार लागलं.

घरातून म्हातारी ओरडली. "अरे डिशवाल्या! इतकं स्वच्छ चित्र आहे रे! मलासुद्धा दिसतंय!"

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं. दाजी दारात येऊन थबकले होते. ते त्याच्याकडे बघत नव्हते. त्याच्या डोक्याच्या वर, गच्चीकडे बघत होते आणि हळूहळू मागे आत सरकत होते.

"तूच दिसतोयस," म्हातारी म्हणाली. "अंगणात उभा आहेस. वरून दिसतोयस. लहान दिसतोयस."

गार पाण्याचा एक थेंब त्याच्या मानेवर पडला.

"अगं बाई," आतून म्हातारी म्हणाली, "आता मोठा होत चाललास. केवढ्या झपाट्यानं मोठा होतोयस!"

बाजूला सरायला दोन पावलं पुरली असती. त्यानं टोपी काढून हातात धरली आणि जागचा हलला नाही.